सालीसकट फळ्यांवर देवनागरी अक्षरं कोरायची आहेत: पटाशी, ट्रिमर की दोन्ही?

ओसरी:

चिपळूणजवळच्या घरासाठी दहा पाट्या करायच्या आहेत. एक मोठी, 'आजोळ'. तिच्यासाठी फणसाची फळी आहे: ४ फूट लांब, १० इंच रुंद, दीड इंच जाड, दोन्ही लांब कडांना साल तशीच. बाकीच्या नऊ लहान, 'विहिरीकडे', 'गोठा', 'पायऱ्या जपून' अशा. त्या जुन्या सागवानी तुळईतून चिरून काढल्यात, प्रत्येकी १८ बाय ५ इंच, इंचभर जाड. रंधा मारलेला नाही, करवतीच्या खुणा दिसतात, तशाच ठेवायचा विचार आहे. सगळ्या पाट्या बाहेर, पावसात लागणार.

सध्या १२ आणि २५ मिमीच्या दोन पटाश्या आणि एक ड्रिल आहे. भाड्याचा ट्रिमर (लाकडात चर पाडणारं छोटं हाती यंत्र) आणून ९० अंशाच्या व्ही बिटाने (व्ही आकाराच्या फिरत्या पात्याने) एका लहान फळीच्या तुकड्यावर 'वि' काढून पाहिला. शिरोरेषा एका टोकाला ४ मिमी रुंद आली, दुसऱ्या टोकाला ९. बिटाची खोली मध्ये बदललेली नाही, तपासलं. हात कच्चा आहे की हत्यार चुकीचं? आणि दहा पाट्यांसाठी नेमकं काय काय विकत घेणं योग्य ठरेल?

सुतारपक्षी:

हात कच्चा नाही, बिटाचा कोन नडलाय.

व्ही बिट जितका आत, तितकी रेघ रुंद. ९० अंशाच्या बिटाला खोली १ मिमी वाढली की रुंदी २ मिमी वाढते. ६० अंशाला तेवढ्याच खोलीमागे साधारण १.१५ मिमी. आता ट्रिमरची खोली मोजली जाते त्याच्या तळपट्टीपासून, आणि तळपट्टी फळीच्या उंचवट्यांवर टेकून चालते. मधल्या खोलगट जागेवर ती पुलासारखी अधांतरी असते, तिथे बिट कमी आत जातो आणि रेघ बारीक होते. ४ मिमी रुंद म्हणजे २ मिमी खोल, ९ म्हणजे साडेचार. तुमची फळी तेवढ्या अंतरात अडीच मिमी वरखाली आहे, एवढाच त्याचा अर्थ. रंधा न मारलेल्या फळीवर व्ही बिट हे चुकतंच.

यावर राउंड नोज बिट घ्या. टोक अर्धगोल आणि त्याच्या वर सरळ भिंती. ६ मिमीचा बिट ३ मिमी आत गेला की पूर्ण रुंदी मिळाली. मग तो ४ गेला काय नि ६ गेला काय, रेघ ६ मिमीचीच राहते. तुमच्या फळीवर खोली ६ ला लावली तर सगळ्यात खोलगट जागी साडेतीन मिळेल, आणि वरून बघणाऱ्याला फरक कळणारही नाही. इंचभर सागवानात ६ मिमी एका दमात नेऊ नका. २, ४, ६ अशा तीन फेऱ्या. एकाच फेरीत नेलं की मोटर दबते, बिट तापतो आणि गोलाईवर लाकूड काळं पडतं. हळू चालवलं तरी जळतं हे लक्षात ठेवा. जळकी कड दिसली की आधी बिटावर चिकटलेला राळेचा थर थिनरने पुसा, मग वेग बघा, आणि तरीही जळत असेल तर बिट बोथट झाला म्हणून बदला.

बिट घेताना दांडी बघून घ्या. बाजारात ६ मिमी आणि पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी अशा दोन दांड्या मिळतात आणि दुकानदार दोन्हींना 'सहाची' म्हणतो. ६.३५ ची दांडी ६ च्या कोलेटमध्ये (बिट आवळून धरणाऱ्या पकडीत) जातच नाही, त्यामुळे निदान चूक लगेच कळते. उलटं झालं तर घात. ६ ची दांडी पाव इंची कोलेटमध्ये बसल्यासारखी वाटते, पण चालू असताना सरकत सरकत खाली येते आणि अक्षर शेवटाकडे खोल होत जातं. दांडी पूर्ण तळापर्यंत घालू नका, दोनेक मिमी वर ओढून मग आवळा. धार कार्बाइडची हवी. सागवानात सिलिका असते, साध्या एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिटाची धार ती लवकर खाते.

ट्रिमर ५०० ते ७०० वॅटचा पुरे. वेग बदलता येणारा मिळाला तर बरा: मकिताच्या आरटी०७०० ला १०,००० ते ३०,००० फेरे असा आवाका आहे. ६ मिमीच्या बिटाला एकच वेग असलेला ३०,००० चा चालतो. १२ मिमीच्या बिटाला मात्र वेग उतरवता आला पाहिजे.

शिरोरेषा मोकळ्या हाताने कधीच काढू नका. सरळ पट्टी क्लॅम्पने आवळा, पण कुठल्या बाजूला हे महत्त्वाचं. बिट वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो. तुम्ही डावीकडून उजवीकडे चाललात की तो ट्रिमरला तुमच्यापासून पलीकडे ढकलतो. म्हणून पट्टी पलीकडच्या बाजूला लावायची आणि डावीकडून उजवीकडे जायचं. ट्रिमर आपोआप पट्टीला चिकटून राहतो. त्याच पट्टीवरून उलटं, उजवीकडून डावीकडे आलात तर तो पट्टी सोडून तुमच्याकडे पळतो आणि रेघेला पोट सुटतं. अक्षरांच्या उभ्या दंडांना पट्टी डाव्या हाताला, आणि ट्रिमर आपल्यापासून दूर ढकलत न्यायचा. पट्टी किती अंतरावर लावायची ते माहितीपत्रकात शोधू नका. टाकाऊ तुकड्यावर एक रेघ मारा आणि पट्टीपासून रेघेच्या मध्यापर्यंत मोजा, तेच खरं.

ड्रेमेलबद्दल, म्हणजे पेनसारख्या धरायच्या छोट्या फिरत्या यंत्राबद्दल, कोणी सांगेलच. त्याची दांडी ३.२ मिमी, ताकद कमी. वेलांटीच्या आतला कोपरा साफ करायला उत्तम. नऊ पाट्यांची अक्षरं त्याने काढायला बसलात तर तो सागवानाच्या पक्क्या भागावरून घसरून मऊ भागात शिरतो आणि रेघ थरथरते.

फणसाच्या मोठ्या पाटीला राउंड नोज नको. तिथे अक्षराची रेघ १५ मिमीच्या आसपास येईल, ती पटाशीनेच चांगली. आणि त्या फळीवर अक्षरांचा पट्टा, म्हणजे मधले सहा इंच, रंध्याने सपाट करून घ्या. कडा ओबडधोबड राहू देत.

किकरं:

वरच्या सगळ्याशी सहमत, शेवटचं वाक्य सोडून. मधला पट्टा रंधून काढलात तर फणसाच्या फळीवर रस्ता केल्यासारखा दिसेल. पटाशीने कोरताना सपाटी लागतच नाही, कारण पटाशी खोली तळपट्टीपासून मोजत नाही, ती आखलेल्या रेघेपासून रेघेपर्यंत कापते. फळी वरखाली असेल तर तळ वरखाली होतो, रुंदी तीच राहते. फक्त ज्या उंचवट्यांवर अक्षराचा कागद नीट बसत नाही तेवढे उतरवा.

मोठ्या पाटीसाठी हत्यारं:

६ मिमीची सरळ पटाशी. तुमच्याकडे नाही ती हीच, आणि कोपऱ्यांना सतत लागते.

१२ आणि २५ मिमीच्या आहेत त्या चालतील. २५ वाली शिरोरेषेच्या आणि दंडांच्या भिंतींना.

गोल पटाश्या दोन किंवा तीन. शेफिल्ड पद्धतीच्या आकड्यांत ३ नंबर जवळजवळ सपाट, ९ नंबर अर्धवर्तुळाजवळ. अक्षरांच्या मोठ्या गोलाईला ३ आणि ५, ज च्या आकड्याला आणि ळ च्या आतल्या वळणाला ७. रुंदी १२ ते २० मिमी. पण आकड्यांवर विश्वास टाकून घेऊ नका, कंपनीगणिक फरक असतो. दुकानात पटाशीची धार कागदावर टेकवून ठसा उमटवा, ठशाच्या टोकाला टोक लावून पुढचा ठसा, असं करत पूर्ण गोल फिरवा. तो गोल तुमच्या छापील अक्षराच्या गोलाईवर बसला तर ती पटाशी तुमची. अक्षराचा कागद सोबत घेऊनच दुकानात जा.

लाकडी मोगरी, ४०० ते ५०० ग्रॅमची. लोखंडी हातोडीने पटाशीची मूठ फुटते आणि ठोका गरजेपेक्षा खोल जातो.

व्ही आकाराची पटाशी घेऊ नका. एवढ्या मोठ्या अक्षरात तिचा उपयोग नाही, आणि तिची धार लावणं हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

खरा खर्च धारेवर करा. बाजारातून आणलेली नवी पटाशी वापरण्याजोगी नसते. पाठ सपाट नसते, धारेवर यंत्राचे ओरखडे असतात. जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवा: ४००, ८००, १५००. आधी पाठीचा टोकाकडचा इंचभर भाग आरशासारखा करा, मग उतार. उतार २५ अंशाचा, आणि अगदी टोकाला ३० अंशाची बारीक दुसरी धार. सागवान आणि वाळलेल्या फणसाला निव्वळ २५ ची धार टिकत नाही, मुडपते. शेवटी लाकडी पट्टीवर चामडं चिकटवून त्यावर हिरवं पॉलिशिंग मेण घासा आणि पटाशी उलट्या दिशेने ओढा. कोरताना दर दहा-पंधरा मिनिटांनी चामड्यावर ओढायची. धार आहे की गेली हे तंतूंना आडवं कापल्यावर कळतं. काप चकचकीत आला तर आहे. पांढुरका, फाटल्यासारखा आला की थांबा, जोर वाढवू नका.

आता कोरण्याचा क्रम, कारण देवनागरीत इथेच सगळं बिघडतं. फळी आडवी, तंतू आडवे. म्हणजे शिरोरेषा तंतूंच्या बाजूने आणि दंड तंतूंना आडवे. आधी सगळे दंड आणि गोलाया, शिरोरेषा शेवटी. दंडाच्या वरच्या टोकाशी थोडं लाकूड उचकटलं तरी ते शिरोरेषेच्या चरात जातं आणि कापून निघतं. शिरोरेषा आधी केलीत तर दंड कोरताना तिची तयार झालेली खालची कड उडते.

दंडासाठी: मधल्या रेघेवर पटाशी उभी धरून मोगरीने ठोका, मग दोन्ही बाजूंनी तिरपे काप आत आणा. पहिल्या फेरीत आखलेल्या रेघेच्या १ मिमी आतच राहा, दुसऱ्या फेरीत रेघेवर या. १५ मिमी रुंद रेघेला ४५ अंशाच्या भिंती दिल्या तर खोली साडेसात मिमी होते, दीड इंची फळीला ती ठीक. ६० अंशाचा व्ही केलात तर तेरा मिमी खोल जावं लागेल. सावली सुंदर पडते, पण मेहनत दुप्पट होते.

शिरोरेषेला मात्र मध्ये उभी ठोकायची नाही. तंतूंच्या बाजूने पटाशी ठोकणं म्हणजे पाचर मारणं, फळी तिथून उकलते. आधी दोन्ही टोकांना आडवे थांबकाप मारा, म्हणजे पुढचा काप तिथे थांबेल. मग स्टीलच्या पट्टीला टेकवून चाकूने मधली रेघ तीन-चार वेळा ओढा आणि भिंती २५ च्या पटाशीने हाताने सरपटत काढा, मोगरी न वापरता.

गोलाईत दिशा सांभाळा. गोल म्हणजे घड्याळाची तबकडी समजा, तंतू ९ कडून ३ कडे. चराची बाहेरची भिंत कापताना ९ किंवा ३ पासून सुरू करून १२ किंवा ६ कडे जायचं. आतली भिंत नेमकी उलट, १२ किंवा ६ पासून निघून ९ किंवा ३ कडे. चुकीच्या दिशेने गेलात तर पटाशी तंतूंखाली घुसून चिप्पी उचलते. फणसात आणखी एक खोडी असते: काही फळ्यांत तंतू पट्ट्यापट्ट्याने उलटसुलट जातात, मग योग्य दिशेनेही लाकूड उचकटतं. अशा जागी काप पातळ, कागदासारखा घ्या आणि पटाशी सरळ न ढकलता बाजूला सरकवत कापा.

बोरू:

हत्याराच्या आधी अक्षराचं ठरवा, म्हणजे निम्म्या अडचणी येणारच नाहीत.

राउंड नोज बिट एकाच जाडीची रेघ काढतो. त्यामुळे लहान पाट्यांना बोरूच्या कापासारखी जाड-बारीक होणारी अक्षरं देऊ नका, यंत्राने ती येत नाहीत आणि ओढूनताणून केलेली वाईट दिसतात. गोल टोकांचा, जवळपास एकसारख्या जाडीचा फॉन्ट घ्या. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा बलू फुकट मिळतो आणि त्याची टोकं बिटाच्या गोलाईशी जुळतात. त्याचं हलकं वजन निवडा आणि बाह्यरेषेवर न जाता रेघेच्या मध्यावरून बिट चालवा. त्यांचाच मुक्ताही चालेल. मोदक दिसायला गोड आहे, पण कोरायला घेऊ नका, त्यात अक्षराच्या पोटात जागाच उरत नाही. 'आजोळ' पटाशीने होणार असेल तर तिथे हवी तेवढी जाड-बारीक करा, पटाशीला ते सोपं जातं.

माप असं काढा. देवनागरीत शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची १ धरली तर वरच्या वेलांटी-मात्रेला साधारण ०.४ आणि खालच्या उकाराला ०.४ लागतात. ५ इंची म्हणजे १२५ मिमी फळीवर वरखाली १२ मिमी सोडले की १०० उरतात. १०० भागिले १.८, म्हणजे अक्षराची उंची ५५ मिमी. रेघेची जाडी उंचीच्या आठव्या-नवव्या हिश्शाइतकी शोभते, म्हणजे ६ ते ७ मिमी. सुतारपक्षींचा ६ चा बिट बरोबर बसतो. नऊच्या नऊ पाट्यांना हीच उंची ठेवा. 'गोठा' मध्ये खाली उकार नाही म्हणून अक्षर मोठं करायचा मोह होईल, करू नका, पाट्या एका घरच्या वाटणार नाहीत.

'आजोळ' मध्ये खाली काही लोंबत नाही, फक्त वर मात्रा. १० इंचांत वरखाली ३० मिमी सोडले तर १३० मिमीचं अक्षर आरामात बसतं. १० फुटांवरून वाचायला इंचभर अक्षर हा पाट्या रंगवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब, त्याने ते ५० फुटांवरून वाचता येईल.

दोन चरांच्या मध्ये उरणारं लाकूड सागवानात निदान ५ मिमी, फणसात ६ ते ८ मिमी ठेवा. तपासायच्या जागा: व आणि क चं पोट, ह च्या दोन वळणांमधली फट, ळ च्या दोन गोलांमधली पाचर, आणि पहिली वेलांटी जिथे शिरोरेषेला भेटते ती जागा. या ठिकाणी उरलेला तुकडा चारी बाजूंनी मोकळा होतो, त्याचे तंतू जेमतेम सेंटिमीटरभर लांब असतात आणि बोटाच्या धक्क्याने तो उडतो. फॉन्ट जसाच्या तसा घेऊ नका, या फटी पेन्सिलने वाढवून घ्या.

'पायऱ्या' नीट टाइप करा. र ला हलन्त देऊन य जोडलात तर रफार येतो आणि 'पायर्या' असं होतं. नुक्त्याचा ऱ वापरला तरच चंद्रकोरीसारखा अर्धा र येतो. छपाईच्या दुकानात जुन्या पद्धतीचे फॉन्ट असतील तर जोडाक्षरं आणि वेलांट्या सरकतात, म्हणून पीडीएफ घेऊन जा आणि १०० टक्के मापाने छापायला सांगा. 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की अक्षर कमी होतं आणि बिटाशी प्रमाण चुकतं. छापल्यावर पट्टीने मोजा. वेलांटी ऱ्हस्व-दीर्घ घरातल्या दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्या. कोरलेली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व करता येत नाही.

फळीवर उतरवायला जुन्या सागवानावर काळा कार्बन दिसत नाही. कागदाच्या मागे पांढरा खडू घासा, कागद चिकटपट्टीने बसवा, आणि शाई संपलेल्या बॉलपेनाने गिरवा. मग खडूची खूण पांढऱ्या पेन्सिलने पक्की करा, नाहीतर पहिल्याच फुंकरीत भुशाबरोबर उडते. पटाशीने करायच्या पाटीला कागदच खळीने चिकटवून वरून कोरलं तरी चालतं.

एक पाटी झटपट हवी असती तर सीएनसीवाल्याकडे (संगणकावर चालणाऱ्या कोरीवयंत्रावर) द्या म्हटलं असतं. ओबडधोबड फळीला तोही आधी सपाटीकरण मागतो, आणि तेच तुम्हाला नकोय.

ओसरी:

सगळ्यांचे आभार, एवढं नेमकं अपेक्षित नव्हतं. म्हणजे ट्रिमर, ६ मिमीचा राउंड नोज, ६ मिमीची पटाशी, तीन गोल पटाश्या, मोगरी आणि धारेचं सामान. दोन शंका उरल्यात. फणस गेल्या मे महिन्यात पाडला आणि लगेच चिरला, फळी मागच्या पडवीत सावलीत आहे. आता कोरली तर चालेल का? आणि अक्षरांत रंग भरताना तो बाजूला पसरतो असं ऐकलंय, ते कसं टाळायचं?

पागोळी:

फणस: दीड इंच जाडीला वर्षभर कमीच. हवेवर वाळायला इंचाला वर्ष हा ढोबळ हिशेब, आणि कोकणातला पावसाळा त्यात धरायचा नाही. अंदाजावर राहू नका, फळीचं वजन करा. आठवड्याला एकदा, त्याच काट्यावर. सलग तीन आठवडे वजन हललं नाही की ती तिथल्या हवेइतकी वाळली. ओलं लाकूड कोरायला लोण्यासारखं असतं हे खरं, पण नंतर आकसताना चर उघडतो आणि शिरोरेषेत भेग पडते. शिरोरेषा ही शेवटी फळीभर तंतूंच्या बाजूने मारलेली खाचच आहे, लाकडाला फाटायचं असेल तर ते तिथूनच फाटतं. म्हणून तिची खोली जाडीच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे नेऊ नका. आणि फळीत झाडाचा मगज, म्हणजे खोडाच्या मधोमधचा ठिपका, टोकाला दिसत असेल तर शिरोरेषा त्याच्या ओळीत येऊ देऊ नका. दोन्ही आडव्या टोकांना आजच फेव्हिकॉलचे दोन जाड हात द्या, ओल तिथूनच घाईने जाते आणि टोकं तडकतात.

साल ठेवू नका, हे ऐकायला आवडणार नाही. साल वाळली की सुटते, तिच्याखाली भुंगा अंडी घालतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पांढरा भुसा गळायला लागतो. बोथट पटाशीने साल सोलून काढा, खालची वळणदार कड तशीच राहते. देखणी तीच असते.

सागवान: ट्रिमर लावण्याआधी फळ्यांवरून लोहचुंबक फिरवा. जुन्या तुळईत मोडलेले खिळे हमखास असतात, डोकं गंजून गेलेलं असतं त्यामुळे दिसत नाहीत. एका खिळ्यात कार्बाइडचा बिट जातो.

रंग पसरतो त्याचं कारण कापलेले तंतू. ते बारीक नळ्यांसारखे असतात आणि फळी आडवी असल्याने नळ्यांची तोंडं दंडांच्या भिंतींत उघडतात. म्हणून दंडाच्या डाव्या-उजव्या बाजूला मिशा फुटल्यासारखा रंग दिसतो, आणि शिरोरेषेला फक्त दोन टोकांना. उपाय म्हणजे रंगाच्या आधी नळ्या बुजवणं. बाहेर वापरायच्या पीयूमध्ये (पॉलियुरेथेन पॉलिशमध्ये) त्याचंच थिनर निम्म्याने घालून पातळ करा आणि चरासकट सगळ्या पाटीवर दोन हात द्या, मध्ये पूर्ण वाळू द्या. घरातल्या फर्निचरचा सँडिंग सीलर इथे नको, उन्हापावसात तो पांढरा पडून सुटतो आणि वरचा थर घेऊन जातो. सागवान तेलकट असतं, म्हणून पीयू लावायच्या अगदी आधी थिनरच्या फडक्याने पुसा, नाहीतर थर चिकट राहतो.

मग चरात बाहेरचा इनॅमल रंग बारीक ब्रशने. सपाट फळी असती तर रंग सांडू देऊन नंतर वरून १५० च्या पॉलिश पेपरने घासता आला असता. तुमच्या करवतीच्या खुणा त्यात जातील, म्हणून सांडलेला रंग तिथल्या तिथे थिनरच्या किंचित ओल्या फडक्याने पुसा. खाली पीयूचा थर असल्याने तो निघतो. शेवटी पीयूचे दोन-तीन हात, आडव्या टोकांना एक जादा.

रंग कोणता हेही सांगतो. फणस आज पिवळा आहे, उन्हात तपकिरी होत जाईल. काळी अक्षरं पाचेक वर्षांनी त्यात बुडतील, मळकट पांढरी टिकून दिसतील.

जवसाचं तेल कोणी सुचवलं तर टाळा. दमट हवेत त्यावर काळी बुरशी धरते. आणि तेलाचं फडकं चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेतं.

टांगताना स्क्रू स्टेनलेसचे. सागवान आणि फणसातल्या रसाने साध्या लोखंडी स्क्रूभोवती काळे डाग ओघळतात. पाटी आणि भिंत यांच्यात १२ मिमीचे ठोकळे द्या, मागून वारा खेळला पाहिजे. 'आजोळ' पावसाळ्यात रुंदीला दोन-तीन मिमी फुगेल, म्हणून वरची भोकं गोल आणि खालची उभी लांबट करा, नाहीतर स्क्रू धरून ठेवतील आणि फळी मध्येच फाटेल. वरच्या कडेला मागच्या बाजूला किंचित उतार द्या, म्हणजे पाणी अक्षरांवरून न येता मागे पडेल.

सुतारपक्षी:

काळी अक्षरं करायचीच असतील तर रंगाऐवजी गॅसच्या टॉर्चने चर जाळून घेतात, मग वरून घासून पृष्ठभाग उजळतात. सागवानावर झकास दिसतं.

पागोळी:

घासण्यात करवतीच्या खुणा जातातच, वर म्हटलं तसं. शिवाय पातळ उरलेल्या जागा, व चं पोट वगैरे, आधी जळतात आणि ठिसूळ होतात. मोठ्या अक्षरांना ठीक, ५५ मिमीच्या अक्षरांना नको.

ओसरी:

आणि कोरताना ते पोट उडालंच तर?

किकरं:

तुकडा शोधा, सापडतोच. म्हणून खाली मळकट गोणपाट नको, स्वच्छ चादर पसरून बसा. भुसा फुंकून टाका, फेव्हिक्विकचा एक थेंब तुकड्याला, दहा सेकंद दाबा, आणि त्या भागावर पुढचे काप मोगरीशिवाय घ्या. दाबताना बोट आणि लाकूड यांच्यात प्लास्टिकचा तुकडा ठेवा. तुकडा हरवला तर बुजवायच्या भानगडीत पडू नका, लांबी (पुट्टी) बाहेर टिकत नाही. त्याच फळीच्या टोकाचा तंतू जुळणारा तुकडा कापून बसवा. त्यासाठी प्रत्येक फळीचा बोटभर उरलेला भाग पाटीचं नाव लिहून जपून ठेवा. ट्रिमरने करताना व आणि क चं पोट शेवटच्या २ मिमीच्या फेरीत उडतं, म्हणून त्या दोन अक्षरांपुरती खोली ६ ऐवजी ४ ठेवा. फक्त तेवढी जागा आधी पट्टी आडवी धरून तपासा, खोलगट असेल तर ४ मध्ये ३ मिमीसुद्धा मिळणार नाही आणि रेघ बारीक होईल. तसं असेल तर ती दोन अक्षरं ६ च्या पटाशीने करा.